संकेतस्थळांचा जीर्णोद्धार



नवे देऊळ बांधणाऱ्याचे नाव शिलालेखात राहते. त्याच देवळाच्या शिखराला पुढे चीर पडली, तर ती बुजविणाऱ्या गवंड्याचे नाव कोणी कोरून ठेवीत नाही. तरीही जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधकामापेक्षा अधिक, असे आपले पूर्वज मानीत आले. त्यात श्रद्धेबरोबर व्यवहारही होता. नवे उभारण्याची हौस प्रत्येक पिढीला उपजत असते. जुने सावरण्याची बुद्धी मात्र शिकवावी लागते, आणि जे शिकवावे लागते त्याला पुण्याची जोड द्यावी लागते.

हाच विचार आज एका निराळ्या इमारतीला लावून पाहावयाचा आहे. ही इमारत दगडविटांची नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, निवृत्तिवेतनाची चौकशी, परीक्षेचा निकाल, विधेयकाचा मसुदा, पिकांच्या भावांची आकडेवारी, असे जे जे पूर्वी कचेरीच्या खिडकीपाशी मिळत असे, ते आता सरकारी संकेतस्थळावर मिळते. खिडकीचे दार मोडले तर येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसते. संकेतस्थळाची आतली चौकट जुनी होऊन खिळखिळी झाली, तर ते कित्येक वर्षे कोणालाही दिसत नाही. पडद्यावर सर्व काही पूर्वीसारखेच चकचकीत असते. ही चौकट वेळोवेळी बदलण्याचे काम दिल्लीत आणि देशात सर्वत्र चाललेले असते. त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणूनच ते समजून घेण्याजोगे आहे.

चौकट म्हणजे काय, हे एखाद्या कचेरीच्या दृष्टान्ताने सहज उमगेल. नवी कचेरी उघडावयाची झाली तर काही गोष्टी प्रथम लागतात. येणारी पत्रे नोंदवून ज्या त्या टेबलाकडे पाठविणारी बारनिशी लागते. कोणाला आत सोडावे आणि कोणाला सोडू नये हे पाहणारा पहारेकरी लागतो. कागद जपून ठेवणारा दप्तरखाना लागतो. उत्तरे पाठविण्याचे छापील नमुने लागतात. कचेरी शिक्षणखात्याची असो वा कृषिखात्याची, या चार गोष्टी सारख्याच. मग प्रत्येक खात्याने त्या मुळापासून का घडवाव्यात? संगणकाच्या जगात हा विचार फार पूर्वी रुजला आणि त्यातून तयार चौकटी निघाल्या. इंग्रजी शब्द फ्रेमवर्क असा आहे. या चौकटीत बारनिशी, पहारेकरी, दप्तरखाना आणि नमुने आयते मिळतात. खात्याने आपल्या विशेष कामापुरती भर तेवढी घालावयाची.

अशा चौकटींपैकी एकीचे नाव ड्रुपल. बेल्जियममधील अँटवर्प येथे शिकणाऱ्या ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने ती घडविली आणि २००१ च्या जानेवारीत सर्वांसाठी खुली केली. नावाची हकीकत मौजेची आहे. आपल्या छोट्या संकेतस्थळाला त्याला डच भाषेतील खेडे या अर्थाचा ‘डोर्प’ हा शब्द द्यावयाचा होता. टंकताना अक्षरांची उलटापालट होऊन ‘ड्रॉप’, म्हणजे थेंब, झाले. थेंब या अर्थाच्या डच शब्दावरूनच पुढे ड्रुपल हे नाव आले. ही चौकट कोणाच्याही मालकीची नाही. जगभरचे प्रोग्रामर तिच्यात भर घालतात, तिच्यातील दोष शोधतात आणि दुरुस्त्या फुकट देतात.

दिल्लीशी तिचा संबंध जवळचा आहे. सरकारी कामात संगणक आणण्यासाठी १९७६ साली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र स्थापन झाले. लोदी मार्गावरील सीजीओ संकुलात त्याचे मुख्यालय आहे. केंद्र सरकारने २०१२ साली सरकारी माहिती जनतेला खुली करण्याचे धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षी भारत व अमेरिका या दोन देशांनी मिळून उभारलेल्या मंचावर आपले माहिती-संकेतस्थळ सुरू झाले. त्याचा पाया ड्रुपलचा होता. जुलै २०१४ मध्ये नागरिकांच्या सूचना मागविण्यासाठी निघालेले मायगव्ह हे संकेतस्थळही ड्रुपलवरच उभे राहिले. अनेक मंत्रालयांनी हीच वाट धरली. कारण उघड होते. परवान्याचा खर्च नव्हता, माणसे मिळत होती आणि काम लवकर उभे राहत होते.

येथपर्यंतची कथा उद्घाटनाची. समईची वात पेटते, मंत्रिमहोदय कळ दाबतात, छायाचित्रे निघतात. खरी कथा त्यानंतर सुरू होते. चौकट ही एकदा बांधून संपणारी वस्तू नव्हे. तिचे कर्ते तिच्या नव्या आवृत्त्या काढीत राहतात आणि जुन्या आवृत्तीची देखभाल कधीतरी थांबवितात. शिवाय चौकट एकटी उभी नसते. ड्रुपल पीएचपी या भाषेत लिहिलेले आहे. पीएचपी ज्या सर्व्हरवर चालते त्याची स्वतःची कार्यप्रणाली असते. शेजारी माहितीचा कोश असतो. या प्रत्येक थराचे आयुष्य निराळे. पीएचपीच्या पाचव्या मालिकेची देखभाल २०१८ च्या अखेरीस संपली. पुष्कळ सर्व्हरांवर असलेल्या सेंटओएस ७ या कार्यप्रणालीची ३० जून २०२४ रोजी संपली. वरचा मजला नीट ठेवावयाचा तर खालचे मजलेही वेळेवर बदलावे लागतात, आणि खालचा बदलला की वरचा डुगडुगू लागतो. जुन्या वाड्याचे एक वासे बदलावयास घ्यावे आणि आढे हलू लागावे, तशातली ही गत.

‘चालते आहे ते कशाला हलवावे?’ हा प्रश्न येथे प्रत्येक कचेरीत विचारला जातो. प्रश्न आळसाचा नाही. त्यात अनुभवाचे शहाणपण आहे. ज्याने एकदा चालती व्यवस्था हलवून आठवडाभर लोकांची बोलणी खाल्ली, तो पुन्हा सहजासहजी हात लावीत नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर १५ ऑक्टोबर २०१४ च्या रात्रीने दिले.

त्या दिवशी ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीत एक भयंकर दोष असल्याचे तिच्या कर्त्यांनी जाहीर केले आणि त्याच क्षणी दुरुस्तीही दिली. दोषाचे स्वरूप असे होते. अर्जातील नावाच्या रकान्यात कोणी नाव न लिहिता ‘दप्तरातील सर्व फायली बाहेर आणा’ असा हुकूम लिहिला, आणि दप्तरखान्यातील कारकुनाने ते नाव न समजता हुकूम समजून पाळला, तर काय होईल? हे होऊ नये म्हणूनच चौकटीत नाव आणि हुकूम वेगळे ठेवणारा भाग असतो. दोष नेमका त्याच भागात निघाला. पहारेकऱ्याच्याच कमरेच्या जुडग्यात चोराची किल्ली सापडावी तसा हा प्रकार. दुरुस्ती म्हणाल तर मूळ लिखाणातील एका ओळीच्या बदलाची.

जाहीर झालेली दुरुस्ती सज्जनांप्रमाणे दुर्जनांनाही वाचता येते. ती वाचून दोष कोठे आहे हे त्यांना कळते. पुढे २९ ऑक्टोबरला ड्रुपलच्या सुरक्षामंडळाने कळविले की, घोषणेपासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपल्या संकेतस्थळात परक्याचा शिरकाव झाला आहे असेच समजून चालावे. हे सात तास भारतीय घड्याळात मांडून पाहावेत. घोषणा झाली तेव्हा दिल्लीत रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. मुदत संपली तेव्हा पहाटेचे साडेचार. कचेरी उघडून, टिपण लिहून, वरिष्ठांची संमती घेऊन काम हाती घ्यावे असा क्रम ज्यांचा होता, त्यांची मुदत त्यांच्या झोपेतच संपली होती. दुरुस्ती लावण्यास मिनिटे पुरली असती. लावावी असे ठरविणारा आणि लावू शकणारा माणूस जागा असणे, एवढाच काय तो प्रश्न होता.

असाच दुसरा प्रसंग २०१८ साली आला. या वेळी कर्त्यांनी २१ मार्च रोजी आगाऊ वर्दी दिली की, आठवड्यानंतर अमुक वेळी अत्यंत महत्त्वाची दुरुस्ती निघणार आहे, माणसे तयार ठेवा. २८ मार्चला ती निघाली. हल्ल्याची साधने सर्वत्र पसरण्यास या खेपेस सुमारे दोन आठवडे लागले. ज्यांची चौकट चालू आवृत्तीत होती, त्यांना हा अवधी पुरेसा होता. ज्यांची चौकट अनेक पायऱ्या मागे राहिली होती, त्यांना आधी त्या पायऱ्या चढून मग दुरुस्ती लावावयाची होती, किंवा ती स्वतः जुळवून घ्यावयाची होती. मागे राहण्याची खरी किंमत ती हीच. नित्याच्या दिवशी ती कोणी मागत नाही; संकटाच्या दिवशी एकदम मागितली जाते.

याच दोन आठवड्यांच्या मधोमध, ६ एप्रिल २०१८ रोजी, दिल्लीत एक चमत्कारिक घटना घडली. संरक्षण मंत्रालयाचे संकेतस्थळ उघडणाऱ्यांना नेहमीच्या पानाऐवजी चिनी वळणाचे एक मोठे अक्षर दिसू लागले. परकी आक्रमणाची हाकाटी झाली. संरक्षणमंत्र्यांनीही संकेतस्थळावर हल्ला झाल्याचे धरून कारवाई चालू असल्याचे कळविले. इतर काही मंत्रालयांची संकेतस्थळेही त्या दिवशी बंद पडली होती. संध्याकाळपर्यंत खुलासा झाला. राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयकांनी सांगितले की, हल्ला झालेला नसून साठवणुकीच्या यंत्रसामग्रीत बिघाड झाला होता. मग ते अक्षर कोठून आले? ड्रुपलच्या पानांना रूप देणारे जे तयार साज मिळतात, त्यांपैकी एकाचे नाव झेन. झेन या शब्दाचे अक्षर हे त्या साजाचे बोधचिन्ह. मूळ मजकूर मिळेनासा झाला, तेव्हा साजाने आपले स्वतःचे चिन्ह पडद्यावर आणले, इतकेच. गंमत अशी की, झेन हा शब्द आपल्याच ‘ध्यान’ शब्दाचा चीन व जपान असा प्रवास करून आलेला अवतार आहे.

या प्रसंगाकडे हसून पाहता येईल. परंतु त्यात शिकण्यासारखे आहे. तयार चौकट घेताना तिच्याबरोबर आपण न मागितलेल्या पुष्कळ वस्तू घरात येतात. भांड्यांच्या बोचक्यात कोणती वाटी कोठे आहे याची यादी ठेवलेली नसेल, तर ऐन वेळी घरातलीच वस्तू परकी वाटू लागते. म्हणून चौकट बदलण्याच्या कामाची पहिली पायरी मोजदादीची असते. कोणते भाग मूळचे, कोणते बाहेरून आणलेले, कोणते खात्याने स्वतः लिहून घेतलेले, आणि ते लिहिणारा माणूस आता कोठे आहे? हा शेवटचा प्रश्न बहुधा सर्वांत अवघड ठरतो. नोएडा किंवा गुरुग्राम येथील एखाद्या कंत्राटदाराकडे असलेल्या तरुणाने ते लिहिलेले असते. कंत्राट संपते, तरुण दुसऱ्या नोकरीवर जातो, आणि मागे राहतो तो टिपणाशिवायचा प्रोग्राम.

ड्रुपलच्या बाबतीत ही मोजदाद विशेष महत्त्वाची ठरली. सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०११ ला निघाली होती. आठवी १९ नोव्हेंबर २०१५ ला आली, ती मात्र डागडुजी केलेली सातवी नव्हती. कर्त्यांनी पाया उकरून नवा घातला होता. सिम्फनी या दुसऱ्या प्रसिद्ध चौकटीचे भाग त्यांनी पायात वापरले, पानांचे नमुने लिहिण्याची भाषाही बदलली. परिणामी जुन्या आवृत्तीतील मजकूर नव्या घरात हलविता येत होता, पण खात्यांनी स्वतः लिहून घेतलेले प्रोग्राम पुन्हा लिहावे लागत होते. पुष्कळांनी हात आखडता घेतला. हे केवळ दिल्लीत झाले नाही. जगभर लाखो संकेतस्थळे सातव्या आवृत्तीवरच थांबली. तिची देखभाल २०२१ च्या नोव्हेंबरात थांबवावयाची ठरली होती. ती मुदत एकदा वाढली, दुसऱ्यांदा वाढली, तिसऱ्यांदा वाढली, आणि अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी, बरोबर चौदा वर्षांनी, संपली.

आता प्रत्यक्ष बदल कसा करतात ते पाहू. जुन्या पिढीतील श्रोत्यांना १ एप्रिल १९५७ चा दिवस आठवत असेल, किंवा त्याच्या गोष्टी इतरांनी घरात ऐकल्या असतील. त्या दिवशी रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. सरकारने आदल्या रात्री जुनी नाणी रद्द केली नाहीत. जुनी आणि नवी दोन्ही काही वर्षे शेजारी शेजारी चालली. नव्या पैशाचे ‘नवे’पण १ जून १९६४ ला अधिकृतपणे गळून पडले. देशाच्या हिशेबाची चौकट बदलताना जी रीत वापरली, तीच संगणकातही वापरतात. जुनी आणि नवी व्यवस्था काही काळ बरोबर चालवितात, दोहोंना तेच काम देऊन उत्तरे पडताळतात, आणि नवीचे उत्तर सतत बरोबर येऊ लागले की जुनीला निरोप देतात.

नाण्यांच्या त्या बदलात आणखी एक बारकावा होता. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे बरोबर होत. पण एका आण्याचे सव्वासहा होत, आणि पाव पैसा तर नव्हता. म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस असे कोष्टक करावे लागले. जुन्या दप्तरातील माहिती नव्या चौकटीत नेताना असे सव्वासहा पैसे पदोपदी भेटतात. जुन्या नमुन्यात जिल्हा आणि तालुका एकाच रकान्यात लिहिलेला असतो, नव्यात दोन रकाने असतात. जुन्या नोंदीत जन्मतारीख तीन तऱ्हांनी लिहिलेली असते. येथे यंत्र निर्णय देऊ शकत नाही. कोणत्या सव्वासहाचे सहा करावयाचे आणि त्याने कोणाचे नुकसान होईल, हे कामाची माहिती असलेल्या कारकुनानेच सांगावे लागते. चौकट बदलण्याचे काम केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपविले की जे बिनसते, ते बहुधा याच ठिकाणी.

मराठी माणसाला हा बारकावा अधिक जवळचा वाटेल. एकेकाळी आपल्या भाषेतील सरकारी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या खास अक्षरठशांत लिहिला जाई. तो ठसा संगणकात असेल तर पडद्यावर मराठी दिसे, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक खच. कारण आत साठविलेले असे ते मराठी नसेच, मराठीचे सोंग घेतलेली रोमन अक्षरे असत. युनिकोड या जागतिक पद्धतीने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, तेव्हा हे सोंग उतरले. जुन्या संकेतस्थळावरून नव्यावर जाताना अशा मजकुराचे रूपांतर करावे लागते, आणि ते ओळन्ओळ वाचून तपासावे लागते. रफार चुकीच्या अक्षरावर बसला तर यंत्राला त्याचे काही वाटत नाही.

मोडी लिपीची कथा याहून सूक्ष्म आहे. युनिकोडच्या एका प्रचलित साठवण-पद्धतीत देवनागरीचे एक अक्षरचिन्ह तीन बाइटांत, म्हणजे तीन खणांत, मावते. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले २०१४ साली, आणि तिच्या प्रत्येक चिन्हाला चार खण लागतात. ड्रुपलबरोबर सर्रास वापरल्या जाणाऱ्या मायएसक्यूएल या माहितीकोशात जुनी व्यवस्था तीनच खणांची होती. म्हणजे देवनागरी त्यात सुखाने राहत होती, पण मोडीतील एक अक्षरही त्यात शिरू शकत नव्हते. चार खणांची सोय ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीत २०१६ च्या एका सुधारणेने आली, आठवीत ती प्रथमपासून होती. पुराभिलेखागारांत मोडीचे रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील मजकूर त्याच लिपीत संगणकावर आणावयाचा म्हटला, तर चौकटीची आवृत्ती हा तांत्रिक तपशील राहत नाही. इतिहासाला जागा आहे की नाही, इतका तो मोठा होतो.

आठव्या आवृत्तीने आणखी एक दार उघडले. सातवीत अनेक भाषांची सोय वेगवेगळे जोडभाग लावून करावी लागे. आठवीत ती मूळ चौकटीतच आली. बावीस अनुसूचित भाषांच्या देशात हे लहान नव्हे. दिल्लीत निघणारे पान इंग्रजीत व हिंदीत असते; मराठी, कोकणी वा संथाळी पुढे कधीतरी, सोय झाली तर. आता सोय नाही ही सबब चौकटीला देता येणार नाही. भाषांतर करणारा माणूस नेमणे मात्र चौकटीच्या हाती नाही, ते कचेरीच्याच हाती आहे. दृष्टिहीन नागरिकांचेही तसेच. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे प्रोग्राम आता उपलब्ध आहेत, पण पानाची बांधणी नीट असेल तरच ते वाचू शकतात. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक नियम प्रथम २००९ मध्ये झाले, २०१८ व २०२३ मध्ये त्यांच्या नव्या आवृत्त्या आल्या. त्यांत ही अपेक्षा स्पष्ट आहे. नियमांचीही आवृत्ती बदलते, मग चौकट जुनी ठेवून ते पाळणार कसे?

या मार्गावर दोन खड्डे आहेत आणि ते परस्परांच्या समोर आहेत. पहिला दिरंगाईचा. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी. तिच्या एका संकेतस्थळाखाली स्ट्रट्स नावाची चौकट होती. त्या चौकटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये निघाली; कंपनीने ती त्या ठिकाणी लावली नाही. मे महिन्यात चोर शिरले, जुलैपर्यंत राहिले, आणि सुमारे पावणेपंधरा कोटी माणसांची खासगी माहिती घेऊन गेले. दुसरा खड्डा घाईचा. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपले पन्नास लाख ग्राहक एका शनिवार-रविवारात नव्या व्यवस्थेवर नेले. सोमवारी दारे उघडली तेव्हा लक्षावधी लोकांना स्वतःचीच खाती उघडता येईनात. पुढे २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. एकाने हलविले नाही म्हणून बुडाला, दुसऱ्याने पुरेशा तपासणीवाचून सारे एकदम हलविले म्हणून.

दोहोंमधून जाणारी वाट खुद्द ड्रुपलनेच पुढे दाखविली. सातवीहून आठवीकडे जाताना लोकांचे जे हाल झाले, त्यावरून कर्त्यांनी धडा घेतला. ३ जून २०२० ला नववी आवृत्ती निघाली, तिच्यात नवा पाया नव्हता. आठवीच्या शेवटच्या रूपातून, ‘हे आता वापरू नका’ असे शेरे मारलेले भाग तेवढे काढून टाकले होते, आणि ज्यांवर ती उभी होती त्या बाहेरच्या साधनांच्या नव्या आवृत्त्या घेतल्या होत्या. ज्याने ते शेरे वेळच्या वेळी वाचून आपले लिखाण सुधारले होते, त्याला नववीत जाणे म्हणजे उंबरठा ओलांडणे होते. डिसेंबर २०२२ ची दहावी आणि ऑगस्ट २०२४ ची अकरावीही याच रीतीने आली. गिटहब ही जगातील प्रोग्रामरांची मोठी पेढी. तिने आपली रेल्स ही चौकट ३.२ वरून ५.२ वर नेण्यास दीड वर्ष घेतले आणि २०१८ च्या ऑगस्टात काम पुरे केले. या काळात जुनी व नवी आवृत्ती तिने बरोबरीने चालवून पाहिली. इतके मागे का पडावे लागले याचा विचार करून, यापुढे थोडे थोडे आणि सतत बदलावे, असेच त्यांच्याही अनुभवास आले.

मग अडते कोठे? अडते अंदाजपत्रकात. नवे संकेतस्थळ ही योजना असते. तिला निविदा निघते, रक्कम मिळते, उद्घाटन होते. जुन्याचे नूतनीकरण हा खर्च असतो. त्यातून दिसण्यासारखे काही निघत नाही. काम उत्तम झाले, तर दुसऱ्या दिवशी नागरिकाला काहीच वेगळे दिसत नाही, आणि हीच त्या कामाची कसोटी. ज्या कामाचे यश अदृश्य आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या अधिकाऱ्याला वित्तविभागासमोर उभे राहणे कठीण जाते. म्हणून चौकट आठदहा वर्षे तशीच राहते, आणि मग दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेली की ‘नवे संकेतस्थळ’ म्हणून सर्व काही पुन्हा बांधले जाते. त्यात जुने पत्तेही बदलतात. न्यायालयाच्या निकालात, शाळेच्या पुस्तकात, ग्रामपंचायतीच्या फलकावर जो पत्ता छापलेला आहे तो उघडावा, तर ‘पान सापडत नाही’ असा कोरडा शेरा. घर बदलणाऱ्याने टपाल कचेरीत नवा पत्ता देऊन ठेवावा, एवढे सौजन्य संगणकातही सहज पाळता येते. त्याला फक्त जुन्या पत्त्यांची वही लागते.

कौलारू घर बांधणारा कोकणातला माणूस दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कौले परततो. फुटलेली चार बदलतो, सरकलेली नीट बसवितो. हा खर्च तो घराच्या किमतीतच धरतो. त्यासाठी त्याला घर गळण्याची वाट पाहावी लागत नाही. सरकारी चौकटींसाठी असे लेखाशीर्ष दर वर्षी असावे, एका माणसाच्या नावावर ती जबाबदारी असावी, आणि रात्री साडेनऊला दुरुस्तीची वर्दी आली तर पहाटेपूर्वी ती लावण्याचा अधिकार त्याला आधीच लेखी दिलेला असावा. लोदी मार्गावरील एखाद्या खोलीत असा माणूस रात्री जागा राहिला, तर त्याचे नाव कोणत्याही शिलालेखावर येणार नाही. मात्र सकाळी सांगलीची एखादी मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास बसेल, तेव्हा ते पान उघडेल आणि तिने लिहिलेली माहिती तिचीच राहील.